ऑइल कॅच कॅन म्हणजे काय? टर्बो डिझेल व्हॅनला तो बसवावा का, आणि बसवला तर काय सांभाळावं?

यूट्यूबवर गाड्यांचे व्हिडिओ बघत असाल तर हे दृश्य तुमच्या डोळ्यांखालून नक्की गेलं असेल. कुणीतरी बॉनेट उघडतो, ॲल्युमिनियमचा एक चकचकीत डबा खोलतो, त्यातलं काळं-तपकिरी तेल काचेच्या ग्लासात ओततो आणि कॅमेऱ्यासमोर धरून म्हणतो, "बघा, हे सगळं तुमच्या इंजिनात जात होतं!" त्या डब्याचं नाव ऑइल कॅच कॅन.

आमच्या घरी तेरा सीटची टर्बो डिझेल व्हॅन आहे. आठवडाभर शाळेची मुलं, शनिवार-रविवार देवदर्शनाच्या आणि कोकणच्या ट्रिपा. गाडी दादा चालवतो. कागदपत्रं, हिशोब आणि मोबाइलवरून करण्यासारखी सगळी कामं माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी सर्व्हिसिंगच्या वेळी इंटरकूलरचा पाइप काढला, तर त्यातून तेल ओघळून खाली सांडलं. गॅरेजवाल्याने लगेच निकाल दिला: टर्बो गेला, बदलावा लागेल. टर्बोची किंमत ऐकून दादा गप्प झाला. मी त्या रात्री मोबाइल घेऊन बसलो आणि कॅच कॅनच्या नादाला लागलो ते तिथून.

आज तो डबा गाडीत आहे आणि टर्बो जुनाच आहे. पण कॅच कॅनचा मला खरा उपयोग झाला तो तेल अडवण्यापेक्षा तेल येतंय कुठून हे कळण्यासाठी. आणि डबा वेळेवर रिकामा केला नाही, तर डिझेल गाडीत तो जिवावर बेतू शकतो, हेही आम्ही बघितलं. दोन्ही गोष्टी नीट सांगतो.

इंजिनातलं तेल हवेच्या पाइपात येतं कसं?

सिलिंडरमध्ये इंधन जळलं की प्रचंड दाब तयार होतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. पिस्टनच्या रिंगा हा दाब वरच अडवतात, पण शंभर टक्के नाही. थोडा वायू रिंगांच्या कडेने निसटून खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतो. याला ब्लो-बाय म्हणतात. गॅरेजमध्ये 'बॅक कॉम्प्रेशन' हा शब्द जास्त ऐकाल. नव्या कोऱ्या इंजिनातही थोडा ब्लो-बाय असतोच. अंदाज यावा म्हणून एक हिशोब करू. 2.2 लिटरचं इंजिन 2500 आरपीएमवर, टर्बोचा दाब धरलाच नाही तरी, मिनिटाला साधारण 2750 लिटर हवा ओढतं. त्यातला एक टक्का जरी निसटला तरी मिनिटाला सत्तावीस-अठ्ठावीस लिटर वायू चेंबरमध्ये जातो. घाट चढताना टर्बो जोरात असतो, तेव्हा आणखी जास्त.

या वायूला बाहेर पडायला वाट द्यावीच लागते, नाहीतर चेंबरमध्ये दाब वाढून तेल सीलमधून बाहेर यायला लागतं. जुन्या काळी एक नळी सरळ रस्त्याकडे सोडलेली असायची. धूर आणि तेलाचे थेंब गाडीखाली. कॅलिफोर्नियातल्या धुरक्यात या धुराचाही वाटा आहे हे लक्षात आलं, आणि तिथे 1961 च्या मॉडेलच्या गाड्यांपासून हा वायू परत इंजिनात नेऊन जाळायची सोय आली. पुढे ती सगळीकडे पसरली. हा वायू नेणारी नळी म्हणजे ब्रीदर पाइप.

आता चेंबरमध्ये क्रँक गरागरा फिरत असतो, तेल सगळीकडे उडत असतं. त्यामुळे वर येणारा वायू कोरडा नसतो, त्यात तेलाचं धुकं असतं. थेंब किती बारीक? पुष्कळसे एक मायक्रॉनच्या आसपासचे आणि त्याहूनही लहान. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. शिवाय त्यात पाण्याची वाफ असते. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, हे ऐकून मला आधी पटलंच नव्हतं. त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं, पण थोडं ब्लो-बायबरोबर खाली उतरतं.

टर्बो डिझेलमध्ये ब्रीदर पाइप येऊन मिळतो एअर फिल्टर आणि टर्बो यांच्या मधल्या नळीला. तिथे टर्बो हवा ओढत असल्यामुळे कायम हलकी ओढ असते. म्हणजे धुक्याचा प्रवास असा: ब्रीदर, टर्बो, इंटरकूलर, मग मॅनिफोल्ड. इंटरकूलरच्या तळाशी तेल साचतं. मॅनिफोल्डमध्ये ईजीआरमधून आलेली काजळी या तेलात मिसळते आणि डांबरासारखा थर बसतो. वर्षानुवर्षं हा थर वाढला की हवेची वाट अरुंद होते, ईजीआर व्हॉल्व्ह अडकतो आणि गाडी धूर मारते.

पाइपाच्या आतून बोट फिरवलं आणि बोट तेलकट झालं, तर घाबरायचं कारण नाही. टर्बो डिझेलमध्ये तेवढं असतंच. पाइप काढल्यावर तेल सांडलं, तर मात्र चौकशी करायची.

डब्याच्या आत काय असतं?

कॅच कॅन ब्रीदरच्या वाटेत मध्येच बसतो. एका तोंडातून धुकं आत येतं, आतल्या आडव्या-उभ्या पत्र्यांवर आणि जाळीवर आपटतं, वेग कमी होतो, थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि तळाशी गळतात. बऱ्यापैकी कोरडा झालेला वायू वरच्या तोंडातून पुन्हा टर्बोकडे जातो. तळाशी रिकामं करायला नळ किंवा बोल्ट, आणि चांगल्या डब्याला आत किती साचलंय हे बघायला छोटी डिपस्टिक किंवा पारदर्शक नळी.

मी पहिला डबा ऑनलाइन मागवला, सगळ्यात स्वस्तातला. आला तेव्हा झाकण उघडून बघितलं, आत काहीच नव्हतं! नुसता पोकळ डबा. अशा डब्यात धुकं एका तोंडातून येतं आणि दुसऱ्यातून तसंच निघून जातं. मग कुठेतरी बघितलं म्हणून मी भांडी घासायची तारेची घासणी आत कोंबायला निघालो होतो. दादाने हात धरला, बरं झालं. त्या तारेचा एखादा तुकडा सुटला तर तो सरळ टर्बोच्या पंख्यात जाणार, आणि तो पंखा मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेतो. जाळी हवी तर ती भोकं पाडलेल्या पत्र्यामागे पक्की अडकवलेलीच हवी.

साध्या जाळीचे डबे मोठे थेंब पकडतात. एक मायक्रॉनखालचं धुकं बरंचसं निसटतं. ते पकडायला बारीक तंतूंचं फिल्टर लागतं, ज्यात छोटे थेंब एकत्र येऊन मोठे होतात. मान अँड हुमेल या जर्मन कंपनीचा प्रोव्हेंट 200 हा त्यातला नावाजलेला नमुना. ऑस्ट्रेलियात डिझेल गाडीवाले तो बरेच बसवतात. त्यात बदलता येणारं फिल्टर आहे, आणि ते तुंबलंच तर दाब सोडून देणारा व्हॉल्व्हही आहे. फिल्टर जितकं बारीक तितकं ते तुंबण्याची शक्यता जास्त, म्हणून असा सुरक्षा व्हॉल्व्ह असणं महत्त्वाचं.

एक प्रकार मात्र घेऊच नका: डोक्यावर छोटं फिल्टर लावलेला 'उघडा' कॅन, जो वायू परत टर्बोकडे न पाठवता बॉनेटखालीच सोडतो. व्हॅनमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या पायाशी, काही गाड्यांत तर सीटखाली असतं. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, तेलाची वाफ असते, आणि मागे शाळेची मुलं बसलेली असतात. शिवाय असा कॅन लावणारे कधीकधी टर्बोच्या नळीवरचं ब्रीदरचं जुनं तोंड बंद करायला विसरतात. मग त्या भोकातून धूळ फिल्टर न होता थेट टर्बोत जाते.

डबा घेण्याआधी गाडी तपासा

इथे मी उलटं केलं, डबा आधी घेतला. तुम्ही करू नका. ब्रीदरमधून तेल जास्त येण्यामागे बऱ्याचदा अगदी साधं कारण असतं.

एअर फिल्टर धुळीने भरलेला असेल तर टर्बोला हवा ओढायला जोर लावावा लागतो, त्या नळीतली ओढ वाढते आणि ब्रीदरमधून तेल जास्त खेचलं जातं. आमच्या गाडीचा सकाळचा रस्ता कच्चा, फिल्टर काढून आपटला तर धुळीचा ढग उठला. दुसरं म्हणजे तेलाची पातळी. "थोडं जास्त असलेलं बरं" म्हणून वरच्या खुणेच्या पुढे तेल भरायची सवय अनेकांना असते. तेवढ्या वर तेल आलं की क्रँक ते घुसळतो आणि धुकं दुप्पट. बीएस 6 गाडी असेल आणि तिला डीपीएफ असेल, तर न भरताही पातळी वाढू शकते, कारण डीपीएफ साफ होताना जादा सोडलेलं डिझेल थोडं थोडं तेलात उतरतं. डिपस्टिकला डिझेलचा वास येत असेल तर आधी तेल बदला. तिसरी गोष्ट, बऱ्याच इंजिनांत टॅपेट कव्हरवरच कंपनीचा स्वतःचा तेल वेगळं करणारा भाग आणि रबरी पडद्याचा व्हॉल्व्ह असतो. तो पडदा कडक होऊन फाटतो. आमचा फाटलेलाच निघाला.

मग येतो मोठा प्रश्न: रिंगाच झिजल्या असतील तर? गॅरेजवाले इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवतात. झाकण जागेवर थरथरलं तर ठीक, उड्या मारायला लागलं आणि भसाभस धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन वाढलंय. ही चाचणी ढोबळ आहे. मला आवडलेली पद्धत पाण्याच्या नळीची. पारदर्शक नळीचा इंग्रजी यू-सारखा आकार करून ती फळीला बांधायची, प्रत्येक बाजू निदान अर्धा मीटर उंच. त्यात थोडंसं पाणी घालायचं, एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवायचं, दुसरं मोकळं. इंजिन चालू केल्यावर दोन्ही बाजूंच्या पाण्यात जितका फरक पडेल तितका चेंबरमधला दाब. पाणी मोकळ्या बाजूला चढलं तर दाब आहे, इंजिनाच्या बाजूला चढलं तर ओढ आहे. पाणी कमी आणि नळी उंच ठेवायची ती यासाठीच, की ओढ निघाली तर पाणी इंजिनात जाऊ नये. मागे पट्टी धरून मोबाइलवर व्हिडिओ काढा, एकदा आयडलला, एकदा 2500 आरपीएमला. तुमच्या इंजिनाची मर्यादा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळते, तीच खरी धरायची. आणि हा व्हिडिओ जपून ठेवा, डबा बसवल्यावर पुन्हा लागणार आहे.

रिंगा गेल्या असतील तर कॅच कॅन लावून काही साधत नाही. डबा भरत राहील, तुम्ही रिकामा करत राहाल, आणि इंजिन तिकडे झिजत राहील.

बसवताना

सगळ्यात आधी योग्य नळी ओळखा. टॅपेट कव्हरपासून निघून एअर फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या मोठ्या नळीला मिळते ती ब्रीदर. डिझेल गाडीत व्हॅक्यूम पंपापासून ब्रेक बूस्टरकडे जाणारी एक नळीही तिथेच आसपास असते. तिला चुकूनही हात लावू नका, ब्रेक तिच्यावर चालतात. खात्री नसेल तर फोटो काढा आणि जाणत्या मेकॅनिकला दाखवा.

मूळ ब्रीदर पाइप कापू नका. तो काढून, पुसून, पिशवीत घालून ठेवा आणि डब्यासाठी वेगळा होज घ्या. उद्या डबा काढायची वेळ आली तर दहा मिनिटांत गाडी होती तशी होते. काही नव्या गाड्यांत ब्रीदर पाइपाला वायरचा कनेक्टर असतो, कारण तो निघाला तर गाडीचा संगणक दिवा लावतो किंवा त्यात थंडीसाठी हीटर असतो. अशा गाडीत हा उद्योग न केलेला बरा.

होज विकत घेताना दुकानदार बहुतेक वेळा रेडिएटरचा होज काढून देतो. तो नको. रेडिएटरचा रबर पाण्यासाठी असतो, तेलात तो फुगतो, मऊ पडतो आणि ओढ आली की आतून चिकटतो. तेल-डिझेल चालणारा नायट्राइल रबरचा होज मागा. आणि जाडी कमी करू नका. मूळ पाइप आतून 19 मिलीमीटर असेल आणि डब्याची तोंडं 12 मिलीमीटरची, तर वाट निम्म्याहूनही कमी उरते, जेमतेम चाळीस टक्के. स्वस्त डब्यांत हाच घोळ असतो, एका मापाची तोंडं आणि सोबत तीन-चार ॲडाप्टर.

जागा शोधणं हे व्हॅनमध्ये सगळ्यात अवघड काम. नाक आखूड, आत हात घालायला जागा नाही. डबा टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब हवा: एक तर गरम डब्यात धुक्याचे थेंब होत नाहीत, आणि तेल गळून लाल तापलेल्या लोखंडावर पडलं तर पेट घेतं. तो इंजिनावर न बसवता बॉडीवर बसवायचा, म्हणजे थरथर कमी. मात्र इंजिन झटका देतं तेव्हा ताणला जाणार नाही इतका होज सैल ठेवायचा. इंजिनाकडून डब्याकडे येणारा होज सतत उताराचा हवा. मध्ये झोळ पडला तर त्यात तेल-पाणी साचून वाट बंद होते. व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरवर असेल तर डबा त्याच्यानंतर, टर्बोच्या बाजूला. आणि आत-बाहेरची तोंडं उलटी जोडू नका. हसू नका, मी जोडली होती.

आमचा डबा शेवटी बॅटरीच्या शेजारी बसला. ती जागा निवडण्याचं खरं कारण एकच: गाडीखाली न झोपता रिकामा करता येतो. ज्या डब्यापर्यंत हात पोचत नाही तो कुणी रिकामा करत नाही.

बसवून झाल्यावर इंजिन चालू करा, होजवर हात ठेवून कुणाला तरी रेस द्यायला सांगा. होज आत खेचला जातोय का बघा. मग पाण्याच्या नळीची चाचणी पुन्हा करा आणि आधीच्या व्हिडिओशी ताडा. दाब लक्षात येण्याइतका वाढला असेल तर डबा वाट अडवतोय, लगेच काढा. हा दाब फक्त सीलच खराब करत नाही. टर्बोच्या बेअरिंगचं तेल आपल्या वजनानेच खाली चेंबरमध्ये उतरतं. चेंबरमध्ये दाब असला की ते उतरत नाही आणि टर्बोच्या सीलमधून हवेच्या बाजूला येतं. म्हणजे तेल थांबवायला लावलेल्या डब्यानेच तेल वाढतं. शंभरेक किलोमीटर झाल्यावर सगळ्या क्लिपा परत एकदा आवळा.

टर्बोचा निकाल

आता आमच्या गाडीचं. डबा लावण्याआधी इंटरकूलर उतरवून पूर्ण रिकामा केला, सगळे पाइप आतून पुसून कोरडे केले. मग गाडी हजार किलोमीटर चालवली. डब्यात 180 मिली निघालं. पाइप काढून बघितले तर टर्बोच्या आधीचा भाग जवळजवळ कोरडा, आणि टर्बोनंतरचाही. टर्बोचं सील गेलं असतं तर टर्बोनंतरचा पाइप पुन्हा ओला झाला असता, कारण ते तेल ब्रीदरमधून येतच नाही, डबा त्याला अडवू शकत नाही. तेल सगळं ब्रीदरचं होतं.

मग एअर फिल्टर बदलला, तेल खुणेपर्यंत आणलं, फाटलेला पडदा बदलला. पुढच्या हजार किलोमीटरला 45 मिली. गॅरेजवाल्याला मी फोटो दाखवले. तो म्हणाला, "मग ठीक आहे," आणि पुढच्या गाडीकडे वळला. त्याच्यावर माझा राग नाही. पाइपात तेल दिसलं की टर्बो, हे गणित अनेक गॅरेजांत चालतं. पण टर्बो बदलून घेतला असता, तर नवा टर्बोही महिन्याभरात तेलकट झाला असता आणि मग आम्ही कुणाला विचारणार होतो?

म्हणून माझं मत असं: मिलीचा आकडा लिहून ठेवणार नसाल तर कॅच कॅनचा अर्धा उपयोग वाया गेला. एकच आकडा फारसं काही सांगत नाही. 45, 50, 45, 110 असं झालं की काहीतरी बिघडलंय. मी मोबाइलच्या नोट्समध्ये तारीख, किलोमीटर आणि मिली लिहितो. औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण पुरतं.

मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेराही कामाचा आहे. यूएसबी-सीला लागणारा, 5.5 किंवा 8 मिलीमीटर जाडीचा, लवचिक तारेचा. गाडी थंड असताना ईजीआर किंवा मॅनिफोल्डच्या तोंडातून आत घालून काजळीचा थर बघता येतो. सहा महिन्यांच्या अंतराने एकाच जागेचा फोटो काढा. थर आपोआप साफ होईल ही आशा ठेवू नका, डबा जुना थर काढत नाही आणि ईजीआरची काजळीही थांबवत नाही. मायलेज वाढतं, पिकअप वाढतो असं विकणारे सांगतात. आमच्या हिशोबात डिझेलमध्ये तरी काही फरक दिसला नाही.

कुंभार्ली घाट

पुढच्या पावसाळ्यात मी परीक्षेत होतो. डबा रिकामा करायचं काम दादाकडे, आणि दादाकडे एकामागून एक ट्रिपा. गणपतीपुळ्याहून परत येताना, चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढत होतो. गाडीत आमचेच अकरा नातेवाईक. एका वळणावर दादाने ॲक्सिलरेटर सोडला आणि इंजिनाचा आवाज खाली यायच्या ऐवजी वर गेला. आरशात मागे पांढरा-निळा धूर. चार-पाच सेकंद असतील, पण आत्याने देवाचं नाव घेतलेलं मला अजून ऐकू येतं. मग आवाज उतरला. दादाने गाडी कडेला घेऊन बंद केली, सुदैवाने ती बंद झाली.

बॉनेट उघडलं. डबा वरच्या तोंडापर्यंत भरलेला, आत ताकासारखं पिवळट पांढरं पाणी आणि तेल. पावसात, थंड हवेत वाफेचं पाणी जास्त जमतं आणि तेलात घुसळून असं लोण्यासारखं होतं, त्यामुळे डबा उन्हाळ्यापेक्षा फार लवकर भरतो. वळणावर ते हिंदकळलं आणि टर्बोने ओढून घेतलं.

डिझेल इंजिनाला स्पार्क लागत नाही. हवेबरोबर तेल आत आलं तर ते तेलावरही पळतं, आणि चावी फिरवून डिझेल बंद केलं तरी थांबत नाही, कारण ते डिझेलवर चालतच नसतं. याला रनअवे म्हणतात. तेल संपेपर्यंत किंवा इंजिन फुटेपर्यंत ते चढत राहतं. असं झालंच, तर गिअरची गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून सगळ्यात वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं. ते जमलं नाही तर हवा बंद करायची: एअर फिल्टरच्या तोंडावर फळी किंवा तसलंच सपाट, टणक काहीतरी दाबून धरायचं. हात लावायचा नाही, कापड कोंबायचं नाही, ते आत खेचलं जातं. इंजिन आधीच फार चढलेलं असेल तर त्याच्या जवळ जायचंच नाही. माणसं आधी उतरवून लांब न्यायची.

त्या दिवसापासून नियम केला: उन्हाळ्यात हजार किलोमीटरला, पावसाळ्यात आणि थंडीत दर आठवड्याला, आणि लांबच्या घाटाआधी हमखास डबा बघायचा. मोबाइलवर दर रविवारी सकाळी सातचा अलार्म आहे, दोघांच्याही.

पेट्रोल टर्बो, परदेशातल्या व्हॅन आणि आपला कायदा

वरचं सगळं डिझेलचं. टर्बो पेट्रोलमध्ये ब्रीदरच्या दोन वाटा असतात. आयडलला मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, तेव्हा वायू पीसीव्ही व्हॉल्व्हमधून थेट तिकडे जातो. टर्बोचा दाब आला की तो व्हॉल्व्ह बंद होतो आणि वायू दुसऱ्या वाटेने टर्बोच्या आधीच्या नळीत जातो. अमेरिकेत फोर्ड ट्रान्झिट व्हॅनला 3.5 लिटरचं दोन टर्बोंचं पेट्रोल इंजिन मिळतं, त्यावर कॅच कॅन लावताना कोणती वाट धरायची हा पहिला प्रश्न असतो. एकाच वाटेवर डबा लावला तर काम अर्धंच होतं.

मर्सिडीज स्प्रिंटरमधल्या ओएम 642 या तीन लिटरच्या व्ही 6 डिझेलची गोष्ट वेगळी. तिथे ब्रीदर टर्बोच्या तोंडाशीच मिळतो, आणि त्या जोडावरचं रबरी सील म्हातारं झालं की तेल झिरपून खाली असलेल्या मॅनिफोल्डच्या झडपांच्या मोटरवर पडतं. मोटर मरते, गाडीची ताकद जाते. स्वस्त सीलमुळे महागडा भाग जातो. त्यामुळे त्या गाडीचे मालक सील आधी बघतात, डब्याचा विचार नंतर.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मनाने बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ बनावटीशी विसंगत बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. ब्रीदर हा प्रदूषण नियंत्रणाचा भाग आहे. पीयूसीवाला डिझेल गाडीचा फक्त सायलेन्सरचा धूर मोजतो, तो बॉनेट उघडत नाही; पण भाड्याच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतो, तिथे प्रश्न येऊ शकतो. वॉरंटीतल्या गाडीला तर हात लावू नका. आमची गाडी वॉरंटीबाहेरची आहे, डबा बंद प्रकारचा आहे, तरीही बसवण्याआधी आम्ही फिटनेस करून देणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारलं, आणि मूळ पाइप गाडीतच सीटखाली ठेवला आहे.

राहिला डब्यातून निघालेल्या तेलाचा प्रश्न. "तेलच आहे, परत टाक इंजिनात," असं दादाच्या एका मित्राने सुचवलं होतं. त्यात पाणी, कच्चं डिझेल आणि आम्ल असतं, परत टाकायचं नाही. गटारात किंवा अंगणात ओतायचं नाही, आणि दाराच्या लाकडाला फासायला शेजाऱ्यांनाही द्यायचं नाही. आम्ही ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवतो आणि सर्व्हिसिंगला गेलो की गॅरेजच्या जुन्या तेलाच्या बॅरलमध्ये टाकतो. ते बॅरल पुनर्वापर करणारे उचलून नेतात. गेल्या वर्षभरात तो कॅन जेमतेम अर्धा भरलाय.